शिल्लक आहे, पण टॅग बंद आहे

नमस्कार श्रोतेहो.

नाशिककराला नाके नवे नाहीत. मुंबई नाका, पेठ नाका, दिंडोरी नाका, आडगाव नाका. रिक्षावाल्याला पत्ता सांगताना दिवसातून दहा वेळा आपण नाका म्हणतो आणि त्यातल्या एकाही नाक्यावर आज कुणी पैसे मागत नाही. पैसे मागणारे नाके शहराबाहेर आहेत. मुंबईला निघालात की घोटी, पुण्याला निघालात की शिंदे, धुळ्याकडे वळलात की पिंपळगाव बसवंत आणि पुढे चांदवड. या नाक्यांवर न भरलेला टोल कसा फुगत जातो आणि तो कुठं अडवायचा, एवढंच आज बोलायचंय.

फास्टॅग म्हणजे काय, तो कुठं मिळतो, हे तुम्हाला सांगत बसत नाही. फेब्रुवारी २०२१ पासून तो राष्ट्रीय महामार्गावर सक्तीचा आहे, तुमच्या काचेवर आहेच. पण एक वाक्य मनात ठेवा, मी ते पुन्हा पुन्हा म्हणणार आहे. शिल्लक वेगळी आणि टॅगची स्थिती वेगळी. टॅगच्या पाकिटात दोन हजार रुपये असतील तरी टॅग बंद असू शकतो. शिल्लक वेगळी, स्थिती वेगळी.

टॅग बंद पडला तर काय? १५ नोव्हेंबर २०२५ ला नियम आला तो असा: चालू टॅग नसताना राष्ट्रीय महामार्गाच्या नाक्यावर रोख पैसे दिले तर टोल दुप्पट, आणि तेच पैसे यूपीआयनं दिले तर सव्वापट. म्हणजे शंभराचा टोल रोखीनं दोनशे, फोननं सव्वाशे. हा पंचाहत्तर रुपयांचा फरक पुष्कळांना ठाऊक नव्हता. नाक्यावर मागं हॉर्न वाजायला लागले की माणसाचा हात खिशाकडे जातो, फोनकडे जात नाही.

आता या हात खिशाकडे जाण्याची एक गोष्ट आहे. ती सांगितल्याशिवाय हा विषय पुढं सरकायचा नाही.

जेल रोडला एक निवृत्त गुरुजी राहतात. नाव कशाला, आपण गुरुजीच म्हणू. तुळशीचं लग्न होऊन गेलं होतं, मंगल कार्यालयं भरलेली. नारायणगावला पुतणीचं लग्न, मुहूर्त बारा वाजून काही मिनिटांचा. आता नाशिकहून बाराचा मुहूर्त गाठायचा म्हणजे साडेसातला निघायला हवं, आणि लग्नघरी कुणी वेळेवर निघत नाही. (मुहूर्त पत्रिकेत छापताना अर्धा तास अलीकडचा छापावा, असं माझं फार दिवसांपासूनचं मत आहे. असो.) गुरुजी निघाले साडेआठला. निघण्याआधी काकूंनी फोनमध्ये शिल्लक पाहिली. सहाशे चाळीस रुपये. भरपूर.

शिंदे नाका. गाडी रांगेत, आडवा दांडा काही वर जाईना. खिडकीतला पोरगा म्हणाला, "काका, टॅग ब्लॅकलिस्ट आहे." गुरुजींनी ऐकलं ते "पैसे नाहीत". शिक्षकाचा कान, त्याला ओळखीचाच शब्द ऐकू येतो. त्यांनी रोख दुप्पट भरले आणि काकूंना सांगितलं, पाचशेचं रिचार्ज मार. काकूंनी मारलं. शिल्लक अकराशे चाळीस.

सिन्नर गेलं, संगमनेर गेलं, हिवरगाव पावसा आलं. दांडा पुन्हा आडवा. पुन्हा तेच वाक्य, पुन्हा रोख दुप्पट. गुरुजींची समजूत अशी की रिचार्ज अजून पोचलं नसेल, किंवा कमी पडलं असेल. काकूंना म्हणाले, अजून पाचशे. सोळाशे चाळीस. आळेफाटा ओलांडला, चाळकवाडी. दांडा आडवा. रोख दुप्पट. अजून पाचशे. नारायणगावच्या मांडवात गुरुजी पोचले तेव्हा अक्षता पडून पहिली पंगत बसली होती, आणि टॅगच्या पाकिटात एकवीसशे चाळीस रुपये होते. त्यातला एक रुपया कुठल्याही नाक्यावर चालत नव्हता.

मांडवात भाच्यानं फोन हातात घेतला. त्यानं शिल्लक पाहिलीच नाही. बँकेच्या ॲपमध्ये टॅगच्या नावाखाली 'स्थिती' असते, ती उघडली. तिथं लिहिलं होतं, हॉटलिस्ट, म्हणजे काळ्या यादीत. कारण, केवायसी अपूर्ण. म्हणजे पैशाचं दुखणंच नव्हतं. कागदांचं दुखणं होतं, आणि काकू त्यावर पैशाचं औषध लावत होत्या. शिल्लक वेगळी, स्थिती वेगळी!

संध्याकाळी परतताना गाडी भाच्यानं चालवली. टॅग बंदच होता, पण त्यानं तिन्ही नाक्यांवर यूपीआयनं सव्वापट भरले. हिशोब करून पाहा. समजा प्रत्येक नाक्याचा टोल शंभर रुपये. जाताना रोखीनं सहाशे, येताना पावणेचारशे, एकूण नऊशे पंचाहत्तर. टॅग चालू असता तर चोवीस तासांत परत आल्यामुळं जाऊन-येऊन दीडपट, म्हणजे साडेचारशेत काम झालं असतं.

इथं गोष्ट संपायला हवी होती. संपली नाही.

घरी येऊन गुरुजींनी केवायसीचे कागद चढवले. आरसीच्या दोन्ही बाजूंचे फोटो मागितले होते, त्यांनी पुढचीच बाजू दोनदा चढवली. अर्ज नाकारला गेला. तसा संदेश आला, पण इंग्रजीत, आणि कर्ज घ्या, प्लॉट घ्या म्हणणाऱ्या चाळीस संदेशांच्या गर्दीत. (नाक्यावरची पाटी मराठीत आणि नाकारल्याचा संदेश इंग्रजीत, हा उलटा कारभार आहे. पाटी एक वेळ इंग्रजीत चालेल.) पुढचे काही महिने गाडी शहरातच फिरली. बंद टॅगनं कॉलेज रोडला कुणाचं काही अडत नाही.

मग गाडी विकायची ठरली. गिऱ्हाईक मिळालं धुळ्याचं. गाडी दाखवायला गुरुजी धुळ्याला निघाले. वाटेतल्या एका नाक्यावर पुढं ट्रक होता, त्याच्यासाठी दांडा वर गेला आणि गुरुजी त्याच्या मागं चिकटून पार झाले. केवढा आनंद! काकूंना म्हणाले, "बघ, टॅग सुरू झाला." सुरू कसला होतोय? नाक्यावरच्या कॅमेऱ्यानं नंबरप्लेट टिपली होती.

काही दिवसांनी फोनवर ई-नोटीस आली. गाडीचा नंबर, नाका, तारीख, रक्कम. गुरुजींनी ती पुसून टाकली. का? तर त्याच आठवड्यात शेजारच्या घरात चलनाची खोटी लिंक दाबून कुणाचे तरी पैसे गेले होते. लिंक दाबली नाही हे त्यांनी शंभर टक्के बरोबर केलं. फक्त नोटीस खरी आहे का, ते दुसऱ्या दारानं पाहायला हवं होतं.

कारण घड्याळ तिथून चालू होतं. आता हे तीन आकडे नीट ऐका. ७२ तास, दुप्पट, १५ दिवस. ई-नोटीस निघाल्यापासून ७२ तासांत भरलं तर फक्त मूळ टोल, वर एक पैसा नाही. ७२ तास उलटले की दुप्पट. १५ दिवस उलटून गेले, आणि तुमची हरकतही दाखल नसली, तर थकबाकीची नोंद 'वाहन' प्रणालीत, म्हणजे गाड्यांच्या सरकारी नोंदणीत, गाडीच्या नावावर चढते. पुन्हा सांगतो: ७२ तास मूळ टोल, त्यानंतर दुप्पट, १५ दिवसांनी गाडीच्या नोंदीवर.

नोंदीवर चढलं की काय होतं, ते गुरुजींना पेठ रोडच्या आरटीओत कळलं. गाडी धुळ्याच्या नावावर करायची म्हणजे ना-हरकत प्रमाणपत्र हवं, नमुना २८. जानेवारी २०२६ च्या नियमदुरुस्तीनंतर टोलची थकबाकी असताना हे प्रमाणपत्र मिळत नाही. शंभराचा टोल, त्याचे झालेले दोनशे, आणि त्यापायी धुळ्याच्या गिऱ्हाइकानं शेवटचे वीस हजार हातात दाबून धरलेले. गुरुजींनी दोनशे भरले, नोंद उतरली, प्रमाणपत्र निघालं, वीस हजारही आले. जाताना त्यांनी एक काम मात्र चोख केलं. किल्ली देण्याआधी बँकेकडून टॅग बंद करून घेतला आणि काचेवरून खरवडून काढला. ते एकवीसशे चाळीस रुपयेही खात्यात परत आले. टॅग तसाच ठेवून गाडी दिली असती, तर नव्या मालकाच्या धुळे-नाशिक फेऱ्या याच पैशातून झाल्या असत्या.

अरे, घड्याळ बरंच पुढं गेलं. उरलेलं भरभर सांगतो.

निघण्याआधी बँकेच्या ॲपमध्ये किंवा एनपीसीआयच्या, म्हणजे टॅगचे व्यवहार सांभाळणाऱ्या संस्थेच्या, संकेतस्थळावर टॅगची स्थिती पाहा. शिल्लक नव्हे, स्थिती. 'कमी शिल्लक' दिसलं तर रिचार्ज. 'केवायसी' दिसलं तर रिचार्जचा उपयोग शून्य, कागद द्या. नवी गाडी असेल तर चॅसिस नंबरवर घेतलेल्या टॅगला ९० दिवसांत नोंदणी क्रमांक जोडावा लागतो, नाहीतर तोही बंद पडतो. आणि टॅग हातात धरून दाखवायचा नाही, डॅशबोर्डवर गणपतीच्या पायाशीही ठेवायचा नाही. आतल्या बाजूनं, आरशामागं, काचेला चिकटलेला हवा. सुटा टॅग नाक्यावरून कळवला जातो आणि काळ्या यादीत जातो.

रिचार्ज कधी? फेब्रुवारी २०२५ पासूनचा नियम आहे: यंत्रानं टॅग वाचला त्याच्या आधीची ६० मिनिटं आणि नंतरची १० मिनिटं टॅग सलग काळ्या यादीत असेल, तर व्यवहार नाकारला जातो. राष्ट्रीय महामार्गावर रिचार्जची खबर लवकर पोचते, पण काही राज्य मार्गांवर यादी थांबून थांबून नवी होते. नाशिकरोडहून शिंदे नाका पाव तासावर आहे. तेव्हा रिचार्ज पेट्रोल पंपावर नको, घरी चहा पिताना.

टॅग चालू आहे, पैसे आहेत, आणि नाक्याचं यंत्रच वाचत नाही? मग तुम्ही एक पैसाही द्यायचा नाही. २०१८ पासूनचा नियम आहे. नाक्यानं गाडी तशीच सोडायची आणि शून्य रकमेची पावती द्यायची. ही पावती मागून घ्या आणि फोटो काढून ठेवा. उद्या चुकीची ई-नोटीस आली तर हरकत घ्यायला तोच पुरावा. हरकतही ७२ तासांच्या आतच घ्यायची. तिचा निकाल पाच दिवसांत लागला नाही तर ती मागणीच उरत नाही. नोटीस खरी की खोटी हे पाहायचं असेल तर लिंक दाबू नका; अधिकृत संकेतस्थळ स्वतः उघडा, किंवा महामार्गाच्या १०३३ या क्रमांकावर विचारा. पैसे दोनदा कापले, किंवा पिकअपला मोठ्या ट्रकचा दर लागला, तर नाक्यावर वाद घालून रांग अडवू नका. ज्या बँकेचा टॅग, तिच्याकडे तक्रार. नाका, वेळ, रक्कम, एवढं सांगायचं.

द्राक्षं, कांदा, टोमॅटो भरून वाशीला जाणाऱ्या पिकअपवाल्यांनी आणखी एक ऐका. थकबाकीमुळं फक्त गाडीची विक्री अडत नाही. फिटनेस प्रमाणपत्राचं नूतनीकरण अडतं आणि नॅशनल परमिटही अडतं. आठ वर्षांपुढच्या मालगाडीला फिटनेस दरवर्षी लागतं, म्हणजे तुमची गाठ दरवर्षी पडणारच. सीझन सुरू व्हायच्या आधी, मालाची घाई नसताना, गाडीचा नंबर टाकून थकबाकी पाहून घ्या. आणि आरसीवर जोडलेला मोबाइल नंबर तुमचा आहे ना, तेही पाहा. पुष्कळ गाड्यांवर अजून शोरूममधल्या एजंटाचा नंबर असतो. नोटीस त्याला जाते आणि ७२ तास तुमचे संपतात.

शेवटचं, वार्षिक पासवाल्यांसाठी. १५ ऑगस्ट २०२५ ला हा पास तीन हजार रुपयांत सुरू झाला. खासगी मोटारीला, २०० फेऱ्या किंवा एक वर्ष, जे आधी संपेल ते. तो चालतो राष्ट्रीय महामार्गावर. समृद्धी राज्याचा रस्ता आहे, तिथं हा पास चालत नाही. भरवीरला किंवा गोंद्याला समृद्धीवर चढलात आणि पास आहे म्हणून पाकीट रिकामं ठेवलं असेल, तर बाहेर पडताना टोल अंतरानुसार लागतो आणि तिथं टॅगमध्ये पैसेच लागतात. पास असला तरी पाकिटात परतीच्या टोलइतके पैसे ठेवा.

क्रमांक पुन्हा सांगतो. एक, शून्य, तीन, तीन. नमस्कार.