राणे मेजरांची वाट

[दृश्य: नौशेरा–राजौरी रस्ता, वळणं, चिडाची झाडं]

एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला उतार. एप्रिल 1948, काश्मीरसाठीचं भारत-पाक युद्ध. जम्मू भागातल्या राजौरीकडे निघालेले भारतीय रणगाडे जायचे होते ते याच रस्त्याने. रस्त्यात सुरुंग पेरलेले, मोऱ्या उडवलेल्या, चिडाची झाडं आडवी पाडलेली. हे सगळं दूर करायचं काम बॉम्बे सॅपर्सच्या, म्हणजे लष्करी अभियंत्यांच्या, एका छोट्या तुकडीकडे होतं. तुकडीचे प्रमुख, सेकंड लेफ्टनंट रामा राघोबा राणे.

8 एप्रिल, सकाळचे 11. काम सुरू व्हायच्या आतच उखळी तोफांचा मारा आला. दोन जवान ठार, पाच जखमी. त्या पाचांत राणे स्वतः. उरलेल्यांना गोळा करून ते कामाला लागले, ते रात्री 10 पर्यंत.

[दृश्य: मातीत तिरकी जाणारी संगीन, जवळून]

सुरुंग शोधायचा तो पोटावर पडून. संगीन सरळ खाली नाही, तिरकी खुपसायची. कारण दाब वरून पडला की स्फोट. टोकाला काही कडक लागलं की हात थांबवायचा आणि बोटांनी माती सारायची. वरून मशीनगन चालू असताना हे करायचं, वीतभर, वीतभर. एके ठिकाणी राणे आघाडीच्या रणगाड्याखाली शिरून त्याच्याबरोबर सरपटत राहिले. सुरुंग दिसला की दोरी ओढायची, चालकाला इशारा जायचा.

9 तारखेला सकाळी 6 पासून पुन्हा तेच. झाडं सुरुंगाने उडवली, तुटलेल्या मोरीला वळण काढलं. संध्याकाळी पाच मोठी झाडं आडवी आली, भोवती सुरुंग. 10 तारखेला पहाटे पावणेपाचला त्यांनी ती हातात घेतली, साडेसहाला रस्ता मोकळा. त्या दिवशी रात्री 9 पर्यंत ना जेवण, ना विश्रांती. 11 तारखेला राजौरीच्या वाटेवरच्या चिंगसपर्यंतचा रस्ता खुला झाला.

12 एप्रिलला राजौरी हाती आली.

शौर्य म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर बंदूक येते. राणेंना परमवीर चक्र मिळालं ते रस्ता मोकळा केल्याबद्दल, हे ठासून सांगायला हवं.

[दृश्य: चेंडिया, कारवार]

वडील पोलीस शिपाई, गाव कारवारजवळचं चेंडिया. वडिलांच्या बदल्यांमुळे शाळा कधी इथे, कधी तिथे. 1940 मध्ये भरती, मग ब्रह्मदेशाची आघाडी, आणि डिसेंबर 1947 मध्ये अधिकारपद. म्हणजे नौशेराला आले तेव्हा अंगावर अधिकाऱ्याची फीत चार महिन्यांची होती, आणि सॅपरचा हात मात्र सात वर्षांचा.

[दृश्य: पदक, जांभळी फीत, इंद्राच्या वज्राच्या चार प्रतिमा]

या पदकाची रचना सावित्रीबाई खानोलकरांची. जन्माने युरोपीय, सून मराठी घरची.

1955 मध्ये लग्न झालं, पुढे चार मुलं. परमवीर चक्राचे बहुतेक मानकरी घरी परतले नाहीत. राणे परतले आणि त्यांनी संसार केला. मेजर म्हणून निवृत्त झाले. 11 जुलै 1994 रोजी पुण्यात गेले.

[दृश्य: कारवारचा किनारा, पुतळा, शेजारी युद्धनौका]

2006 पासून त्यांचा पुतळा इथे आहे. शेजारी ‘चपल’ युद्धनौकेचं संग्रहालय. आम्ही चित्रीकरण करत होतो तेव्हा सगळी गर्दी नौकेकडे होती.