शाळा रिकामी झाली, पुढे?

(दृश्य : भामरागडचा संगम)

पर्लकोटा आणि पामुलगौतम इथे इंद्रावतीला मिळतात. पल्याड छत्तीसगड, अल्याड गडचिरोली. सरहद्द नकाशावर असली तरी माडिया आदिवासी घरांच्या सोयरिकी दोन्ही काठांवर आहेत. त्यामुळे पल्याडच्या शाळांचं काय झालं, हे अल्याड कुणाला पेपरात वाचावं लागलं नाही.

2005 नंतर, सलवा जुडूमच्या (माओवाद्यांविरुद्ध सरकारच्या पाठबळावर उभ्या राहिलेल्या सशस्त्र मोहिमेच्या) काळात, छत्तीसगडातल्या बस्तरच्या अनेक गावांत सुरक्षा दलांनी शाळेतच मुक्काम ठोकला. गावात स्लॅबचं छत तेवढंच! व्हरांड्यात वाळूची पोती, भोवती काटेरी तार. मग पोलीस येऊन बसतील म्हणून माओवाद्यांनी शाळाच सुरुंगानं उडवल्या.

जानेवारी 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं बजावलं, चार महिन्यांत शाळा आणि वसतिगृहं रिकामी करा. पण खोल्या मोकळ्या झाल्या म्हणून शाळा भरत नाही. बरीच मुलं रस्त्याकडेच्या निवासी शाळांत, तिथल्या बोलीत ‘पोटा केबिन’मध्ये (म्हणजे पोर्टा केबिन), गेली. गावात उरल्या भिंती.

(दृश्य : फळ्याची रिकामी चौकट)

अधिग्रहणाचा, म्हणजे सरकारनं जागा ताब्यात घेण्याचा, 1952 चा केंद्रीय कायदा तसा स्वच्छ आहे. शाळा, दवाखाना, सार्वजनिक वाचनालय, प्रार्थनास्थळ घ्यायचंच नाही. जे घेतलं ते सोडताना, वापरानं होणारी झीज वगळता, होतं तसं परत द्यायचं. पण होतं कसं? ताबा घेताना पंचनामा झाला असेल, तरच दारं किती होती, हातपंप चालू होता की बंद, हे सांगता येतं. बंदुका घेतलेली तुकडी शाळेत उतरते तेव्हा पंच म्हणून पुढे कोण होणार?

ऑक्टोबर 2025 मध्ये माओवाद्यांचा बडा नेता भूपती यानं गडचिरोलीत साथीदारांसह शस्त्रं खाली ठेवली. अल्याडचा प्रश्न आता वेगळा आहे : पोलिसांची केंद्रं उठली तर पुढे काय? इथल्या पोलीस मदत केंद्रांत ‘दादालोरा खिडकी’ चालते : जातीचा दाखला, आधार, योजनांचे अर्ज. तलाठी जागेवर सापडला नाही की लोक तिकडेच वळतात. (किती वेळा सापडतो, ते गावाला विचारा.)

उद्या एखादं केंद्र उठलं, तर खिडकी कुठे जाणार आणि इमारत कुणाची? आमच्या मते ग्रामसभेनं ठराव आत्ताच घ्यावा. खिडकी ग्रामपंचायतीत हलवा, पक्क्या खोल्या आरोग्य उपकेंद्राला द्या. ताबापावतीवर सही करण्याआधी खोलीन्‌खोलीचा पंचनामा करा, आवारात स्फोटकं नाहीत हे लेखी घ्या. नुसतं कुलूप लावून ठेवलं तर पत्रे जातात, चौकटी जातात, आणि एक दिवस निर्लेखनाचा, म्हणजे इमारत मोडीत काढल्याचा, कागद येतो.

आणि हे सगळं जूनच्या आत. नाल्यांना पूर आला की वाट बंद, मग फाईल दिवाळीपर्यंत जागची हलत नाही.