मशीनच्या रकान्यात

[दृश्य: सोलापूर, सात रस्ता, झेरॉक्सचं दुकान]

सकाळचे अकरा. आधार, रेशनकार्ड, सातबारा... पोरगा मशीनकडे बघतसुद्धा नाही. झाकण, काच, बटण. पाठपोट प्रत हवी असली की निघालेला कागद उलटून ट्रेमध्ये सारतो आणि पुढच्या गिऱ्हाइकाला विचारतो, "किती काढू?"

या पाठपोट प्रतीनं एकेकाळी भल्याभल्यांना घाम फोडला होता.

[दृश्य: मशीनच्या काचेखालून सरकणारा उजेड]

झेरॉक्स कंपनीनं १९७० साली कॅलिफोर्नियात, पालो आल्टोला संशोधन केंद्र काढलं: 'पार्क' (पालो आल्टो रिसर्च सेंटर). माऊसवर चालणारा 'आल्टो' संगणक तिथं १९७३ साली तयार झाला. त्याचं कौतुक बरंच झालंय. आम्हाला जास्त मोलाचं वाटतं ते वेगळंच काम.

१९८०च्या सुमारास कंपनीचं नवं कॉपी मशीन बाजारात आलं आणि गिऱ्हाइकं कुरकुरू लागली, हे फार किचकट आहे. पार्कमध्ये लूसी सचमन ही मानववंशशास्त्राची अभ्यासक होती. तिनं मशीनपुढे माणसं जोडीनं उभी केली, समोर कॅमेरा लावला. जोडीनं अशासाठी, की एकटा माणूस मनातल्या मनात वैतागतो, सोबत कुणी असलं की "आता याला काय पाहिजे?" हे तोंडातून निघतं. त्या चित्रीकरणात संगणकक्षेत्रातले दिग्गजही पाठपोट प्रतीपाशी अडकलेले दिसतात.

मग सचमननं तक्ता आखला. इकडे माणसं काय बोलली, काय केलं. तिकडे त्यातलं मशीनपर्यंत काय पोचलं. पोचायचं ते एवढंच: बटण दाबलं, झाकण उघडलं. समोरचे दोघं गोंधळलेत, भलत्याच पायरीवर गेलेत, याचा मशीनला पत्ताच नाही. ते आपलं पुढची सूचना देऊन मोकळं. १९८७ साली हे सगळं पुस्तकरूपानं आलं.

[दृश्य: पूर्व भाग, विड्या वळणारे हात, जवळून]

मांडीवर सूप. कापलेलं पान, चिमूटभर तंबाखू, दोऱ्याचा वेढा. वर्षानुवर्षं हेच करून बोटांवरच्या रेषा झिजतात.

[दृश्य: रेशन दुकान, अंगठ्याचं मशीन]

बोट पुसा. पुन्हा ठेवा. आता दुसरं ठेवा. "मशीन घेईना की, मावशी."

सचमनचा तक्ता इथं आखला, तर मशीनच्या रकान्यात एकच ओळ येईल: ठसा जुळला नाही. ओटीपी आणि डोळ्यांच्या स्कॅनची सोय केलेली आहे; पण तेही जमलं नाही तर उद्या परत फेरी. विडीची मजुरी दर हजार विड्यांमागे मिळते, तेव्हा फेरीत गेलेल्या वेळेचे पैसे बुडाले.