आजींना ऐकू आलं का?

(कोथरूडमधल्या एका सोसायटीच्या हॉलमध्ये दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

नमस्कार मंडळी. इमारतींचे फायर अलार्म सांभाळण्याचं काम मी करतो. आपल्या राज्याच्या 2006 च्या अग्निसुरक्षा कायद्याप्रमाणे इमारतीची यंत्रणा चालू असल्याचा दाखला जानेवारी आणि जुलैमध्ये द्यावा लागतो, त्यामुळे जिन्यातल्या यंत्रणेकडे निदान कुणीतरी बघतं. तुमच्या बेडरूमच्या छतावर धूर ओळखून वाजणारा स्मोक डिटेक्टर आहे का, याकडे मात्र तुमच्याशिवाय कुणी बघणार नाही.

धुराचा वास आला की जाग येईलच, असं आपण धरून चालतो. झोपेत नाकावर तो भरवसा ठेवू नका. उलट धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडने गुंगी वाढते. झोपेत भरवसा कानांवरच.

हा बघा, वाटीएवढा डिटेक्टर. आतल्या काळ्या कप्प्यात एक बारीक दिवा आहे, आणि त्याचा उजेड थेट पडणार नाही अशा कोनात सेन्सर. धूर आत शिरला की त्याच्या कणांवरून उजेड विखुरतो, सेन्सरवर पडतो आणि भोंगा वाजतो. हा फोटोइलेक्ट्रिक. दुसरा आयनायझेशनचा, त्यात अमेरिशियम-241 हा किरणोत्सारी पदार्थ असतो. भडकलेल्या ज्वाळा तो लवकर पकडतो, पण गादी किंवा सोफा धुमसत असेल तर पहिलाच बरा. घरासाठी मी तोच सांगतो.

प्रत्येक बेडरूममध्ये एक आणि बाहेरच्या पॅसेजमध्ये एक. छतावर, पण भिंतीपासून किमान 10 सेंटीमीटर सोडून, कारण कोपऱ्यात हवा कोंडलेली असते आणि धूर तिथे उशिरा पोचतो. पंख्याच्या पात्यांपासून मीटरभर लांब. देवघराच्या डोक्यावर नको, आणि गॅसच्या शेगडीपासून 3 मीटर तरी दूर. फोडणी घातली की रोज वाजायला लागला, तर आठवड्याभरात कुणीतरी त्याची बॅटरी काढून टीव्हीच्या रिमोटला लावतं. स्वयंपाकघरात उष्णतेवर चालणारा हीट डिटेक्टर लावा.

ओघात आलंय म्हणून सांगतो, गॅसगळती स्मोक डिटेक्टरला कळत नाही. त्याचा डिटेक्टर वेगळा. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, तो जमिनीलगत साठतो. पाइपचा गॅस हलका, तो वर जातो. पुण्यात कितीतरी घरांनी सिलिंडर सोडून पाइपचा गॅस घेतला आहे. तुमचा जुना गॅस डिटेक्टर अजून ओट्याखालीच असेल, तर पाइपच्या गॅससाठीचा आणून छताजवळ लावा.

आता देखभाल. आमच्या घरी दिवाळीआधी रंगकाम झालं. रंगाऱ्याने डिटेक्टरला प्लास्टिक गुंडाळून टेप लावली. बरोबरच केलं, रंग आत गेला की डिटेक्टर निकामी होतो. पण ते प्लास्टिक काढलंच गेलं नाही. संक्रांतीला तिळाचे डबे माळ्यावरून काढताना ते मला दिसलं. अडीच महिने आम्ही सगळे त्याच्याखाली निर्धास्त झोपत होतो! त्या दिवसापासून दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी झाडूच्या दांड्याने बटण दाबतो. मऊ ब्रशने जाळी-धूळ काढतो, नाहीतर किडे आत शिरतात. बॅटरी वर्षाला बदलतो. मधूनच टिक, टिक असा आवाज आला तर बॅटरी संपत आली समजा. मागे तयार झाल्याची तारीख असते. तिला 10 वर्षं झाली की अख्खा डिटेक्टर बदलायचा.

पण बटण दाबल्यावर वाजला म्हणजे झालं, असं नाही. सदाशिव पेठेतल्या एका घरी मी डिटेक्टर बसवला. 3 मीटरवर 85 डेसिबल आवाज, सुनेने कान झाकले. मागच्या खोलीत आजी शांत पडून होत्या. कानाचं मशीन काढून डबीत ठेवलेलं, दार लावलेलं. या भोंग्याचा सूर बहुधा 3000 हर्ट्झच्या आसपासचा, आणि म्हातारपणी आधी कमी होतं ते नेमकं उंच सुरांचंच ऐकू येणं. मग आजींच्या खोलीत वेगळा लावला, एक वाजला की सगळे वाजतील असे जोडून घेतले. 520 हर्ट्झचा खर्जातला भोंगाही मिळतो, उशीखाली थरथरणारी चकतीही मिळते. आणि तरी ठरवून ठेवलं की आवाज झाला की नातवाने आधी आजींना उठवायचं. बॉक्स ग्रिलच्या कुलपाची किल्ली त्याच खोलीत, खिळ्याला.

आता करूनच बघू. आजोबा, तुम्ही मशीन काढून त्या मागच्या खोलीत बसता का? दार ओढून घ्या. ऐकू आलं की आतून टकटक करा. मी बटण दाबतो.