हाइलमधले अकरा दिवस

मंडळी, अरबस्तानात एकट्यानं फिरलेली युरोपियन बाई म्हटलं की सगळ्यांना उंट आणि चांदणं आठवतं. मला आठवतात 200 पौंड. डिसेंबर 1913 मध्ये ब्रिटिश प्रवासी गर्ट्रूड बेल दमास्कसहून उत्तर अरबस्तानातल्या हाइलला निघाल्या, तेव्हा एवढी रक्कम त्यांनी हाइलवर राज्य करणाऱ्या रशीद घराण्याच्या दमास्कसमधल्या माणसाकडे भरली होती. हाइलच्या खजिन्यातून ती परत घ्यायची, म्हणजे आपली हुंडीच.

दोन सरकारांनी आधीच हात वर केले होते. ब्रिटिश म्हणाले, जबाबदारी आमची नाही. तुर्कांनी तर तसं लिहूनच घेतलं. बेलबाईंनी सही केली आणि पुढे निघाल्या. वय पंचेचाळीस, अविवाहित, ऑक्सफर्डला इतिहासात पहिला वर्ग आणि माहेरी लोखंडाचे कारखाने. कारखान्यांचं विसरू नका. धाडसालाही कुणीतरी पैसे पुरवावे लागतात.

फेब्रुवारी 1914 अखेर त्या हाइलला पोचल्या. पोरसवदा अमीर स्वारीवर गेलेला. तिजोरी त्याच्या आजीच्या, फातिमाच्या ताब्यात. बाईंना गावाबाहेर उतरवलं, सरबराई चोख ठेवली. पण बाहेर पडायची सोय नाही आणि पैसे मागितले की एकच उत्तर : अमीर येऊ दे. खर्चासाठी उंट विकायची पाळी आली.

भेटायला यायची तुर्किया. तुर्की सुलतानानं पूर्वीच्या अमिराला नजराणा म्हणून पाठवलेली सर्केशियन, म्हणजे कॉकेशसकडची बाई, बोलायला मोकळी. त्या घराण्यात भावाभावांत झालेले खून, आता सत्ता नेमकी कुणाच्या हातात, जनानखान्यात काय शिजतंय, हे सगळं बेलबाईंना तिच्याकडून कळलं. कितीही शूर पुरुष प्रवासी असता, तरी त्याला ही बैठक मिळाली नसती.

शेवटी बाईंनी पुरुषांच्या बैठकीत जाऊन आडपडदा न ठेवता सुनावलं आणि निरोप न घेता तडक उठून गेल्या. असं उठायचा मान तिथे फक्त मोठ्या शेखांचा! त्याच रात्री सोन्याच्या नाण्यांची थैली आली, जायची परवानगीही आली. बाई लगेच निघाल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी गाव बघायला मागितलं आणि कॅमेरा घेऊन फोटो काढले.

हाइल पाहणाऱ्या त्या पहिल्या युरोपियन बाई नव्हेत. कवी बायरनची नात ॲन ब्लंट 1879 मध्येच तिथे जाऊन आली होती, पण नवऱ्याबरोबर. अल्जीरियात पुरुषी वेशात वावरणारी इझाबेल एबरहार्ट तर त्याहून वेगळी. तिच्यामागे ना कारखाना, ना ओळखीचे राजदूत. 1904 मध्ये अल्जीरियातल्याच आइन सेफ्रा गावी अचानक आलेल्या पुरात ती गेली, अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी. तिच्यावर खरं तर स्वतंत्र व्याख्यान हवं.

बेलबाईंना मात्र मान मिळाला. 1918 मध्ये लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीनं त्यांना सुवर्णपदक दिलं. याच बाई 1908 पासून इंग्लंडात स्त्रियांना मताधिकार नको म्हणणाऱ्या चळवळीत होत्या, नुसत्या नावाला नव्हे, पदाधिकारी म्हणून. त्यांचे चाहते हा भाग हळूच गाळतात. मला तो गाळावासा वाटत नाही.