पगार कापला तरी पायलट कंपनी का सोडत नाही?

नमस्कार मंडळी. मी छत्रपती संभाजीनगरहून बोलतेय. विषय विमानाचा आहे, पण सुरुवात कालव्यापासून करणार आहे, कारण मला स्वतःला तो कालव्यावरूनच नीट कळला.

मागच्या महिन्यात एक काका भेटायला आले. परभणी तालुक्यातले, जायकवाडीच्या डाव्या कालव्याच्या टेलकडचे, म्हणजे शेवटच्या टोकाकडचे. हातात कापड दुकानाची पिशवी आणि पिशवीत तीन कागद: सातबारा, बँकेच्या कर्जाचा उतारा आणि मुलाला कंपनीकडून आलेलं पत्र. मुलगा पायलट आहे. त्याच्या शिक्षणासाठी ८५ लाखांचं कर्ज काढलंय, सातबाऱ्यावर बोजा चढलाय. पत्र इंग्रजीत होतं, पगाराची नवी रचना सांगणारं. काका म्हणाले, "ताई, पगार कमी केलाय म्हणतात. म्हटलं, दुसऱ्या कंपनीत जा की. तर म्हणतो, नंबर जाईल. कसला नंबर हो हा?"

कंपनीचं नाव मी सांगणार नाही. पण काकांच्या प्रश्नाचं उत्तर आज सगळ्यांसाठी देते, कारण मराठवाड्यातून या शिक्षणाला जाणारी मुलं वाढलीत आणि घरचे सही करतात ती नुसत्या विश्वासावर.

[स्क्रीनवर: पत्रातला पगाराचा तक्ता, नावं झाकून]

आधी पगार कसा कापतात ते बघू. पायलटच्या पगारात उड्डाणाच्या तासांचा वाटा मोठा असतो. महिन्याला अमुक तासांचे पैसे ठरलेले, विमान कमी उडालं तरी मिळणारच. त्यापुढच्या तासांचे वेगळे. आता कंपनीने तासाचा दर एक रुपयानेही कमी केला नाही, फक्त हमीचे तास कमी केले, तरी हातात येणारी रक्कम घसरते. २०२४ मध्ये विस्तारा या विमान कंपनीत नेमकं हेच गाजलं. एअर इंडियात विलीन होण्याआधी नवी वेतनरचना आली. हमीचे तास ७० वरून ४० वर आले. मार्च संपता संपता आणि एप्रिलच्या सुरुवातीला पायलट नाराज, विमानं रद्द, प्रवासी विमानतळावर अडकलेले. बातम्यांत पगाराचीच चर्चा झाली. पण पायलटांच्या मनात दुसरी भीती होती: विलीन झाल्यावर आपला नंबर कुठे लागणार?

तर हा नंबर. पायलट रुजू झाला की कंपनीच्या ज्येष्ठता यादीत त्याचा क्रमांक लागतो. फर्स्ट ऑफिसरचा, म्हणजे सहवैमानिकाचा, कॅप्टन कधी होणार, मोठ्या विमानाचं प्रशिक्षण आधी कोणाला, कुठला बेस, म्हणजे नेमणुकीचं शहर, मिळणार, मंदी आली की आधी घरी कोण जाणार, हे बऱ्याच अंशी त्या यादीवर ठरतं. अमेरिकेत तर रोस्टर आणि सुट्ट्याही त्यावरच. आपल्याकडे कंपनीगणिक नियम बदलतात, उड्डाणाचे तास आणि परीक्षाही लागतात, पण रांग म्हणून यादी असतेच.

आणि हा नंबर सोबत नेता येत नाही. वाळूजमधला चांगला वेल्डर एका कंपनीतून दुसरीत गेला, तर त्याचं कसब त्याच्यासोबत जातं आणि पगार वाढवूनही मिळतो. पायलटचे तास आणि लायसन्स त्याचंच राहतं, अनुभवी कॅप्टनला कॅप्टन म्हणून घेतातही, पण नव्या यादीत त्याचं नाव शेवटी. काकांचा मुलगा अजून फर्स्ट ऑफिसर आहे. तो आज उठून गेला तर कॅप्टन होण्याच्या रांगेत मागे जाऊन उभा राहणार. चार वर्षं पाण्यात.

मी हे सांगत होते तेव्हा काका एकदम म्हणाले, "म्हणजे आमचं टेलचंच झालं म्हणा की!"

अगदी तेच, काका. डावा कालवा पैठणहून निघतो तो २०८ किलोमीटरचा. पाण्याचं आवर्तन सुटलं की हेडच्या शेताला आधी पाणी लागतं, टेलला शेवटी. धरण भरलेलं असलं की कोणी हेड-टेल बोलत नाही, सगळ्यांचे ऊस हिरवे. पाणी कमी असलं की टेलची चारी कोरडी. विमान कंपनीत चांगले दिवस असले की यादी कोणाला आठवत नाही. कोविडसारखं संकट आलं की यादीच्या शेपटाला आधी झळ. पगारकपात सोसून माणूस का थांबतो, तर त्याला वाटतं, आज पाणी कमी आहे, पण माझी जागा तरी हेडकडे सरकतेय.

आता समजा दोन कालवे जोडले. दोन्हीकडे हेड, दोन्हीकडे टेल. नव्या कालव्यात टेलला कोण?

सगळी भांडणं इथे आहेत. एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स २००७ मध्ये एक झाल्या. कागदावर एक, पण पायलटांचे दोन गट, दोन संघटना, दोन वेतनरचना. २०११ मध्ये जुन्या इंडियन एअरलाइन्सचे पायलट समान वेतनासाठी संपावर गेले. न्यायमूर्ती धर्माधिकारी समिती नेमली गेली. २०१२ मध्ये जुन्या एअर इंडियाचे पायलट संपावर, कारण ड्रीमलायनर या नव्या मोठ्या विमानाचं प्रशिक्षण दुसऱ्या गटालाही मिळणार होतं. हा संप दोन महिन्यांच्या आसपास चालला. बाहेरून बघणाऱ्याला वाटेल, इतका पगार घेणारी माणसं एका प्रशिक्षणासाठी संप करतात! पण मोठं विमान म्हणजे पुढची वीस वर्षं. रांगेत आपल्या पुढे कोणी येऊन उभं राहिलं, तर ते वीस वर्षं पुढेच राहणार.

अमेरिकेतलं उदाहरण तर मला झोप लागू देत नाही. २००५ मध्ये यूएस एअरवेज आणि अमेरिका वेस्ट एक झाल्या. यूएस एअरवेज जुनी, दिवाळखोरीत गेलेली. तिचे १५ वर्षांहून जास्त नोकरी झालेले पायलटसुद्धा कामावरून बसवलेले होते. अमेरिका वेस्ट तरुण कंपनी, तिथे भरती चालू. जुने म्हणाले, रुजू तारखेने यादी लावा. नवे म्हणाले, आम्ही आज काम करतोय, तुम्ही घरी बसलाय, तुम्हाला आमच्या पुढे का घ्यायचं? २००७ मध्ये लवादाने निकाल दिला आणि घरी बसलेले जुने पायलट, काही महिन्यांपूर्वी लागलेल्या पोरांच्याही खाली गेले. जुन्यांची संख्या जास्त होती. त्यांनी २००८ मध्ये संघटनाच बदलून टाकली आणि निकाल लागू होऊ दिला नाही. २०१३ मध्ये ती कंपनी अमेरिकन एअरलाइन्समध्ये गेली, तोपर्यंत दोन्ही गट वेगवेगळ्या यादीवर उडत होते. आठ वर्षं!

मला विचाराल तर दोन्ही बाजू खऱ्या होत्या. १५ वर्षं दिलेल्या माणसाला तळाला टाकणं क्रूर आहे. आणि चालत्या कंपनीतल्या माणसाची जागा बंद पडत आलेल्या कंपनीतल्या माणसाला देणं हेही पटत नाही. म्हणून मी आग्रहाने म्हणते, यादी कशी लावणार हे विलीनीकरणाच्या आधी लिहून घ्यायला हवं. अमेरिकेने २००७ च्या शेवटी तसा कायदा केला, की याद्या न्याय्य पद्धतीने जोडा, नाही जमलं तर लवादाकडे जा. त्यामागे टीडब्ल्यूए कंपनीच्या पायलटांचे हाल होते. २००१ मध्ये त्यांच्यातल्या अनेकांना अमेरिकन एअरलाइन्सच्या यादीच्या तळाला चिकटवलं होतं.

आपल्या मराठवाड्याला हे नवीन नाही, बरं का. १ नोव्हेंबर १९५६ ला आपण हैदराबाद राज्यातून मुंबई राज्यात आलो. जमिनीबरोबर माणसंही आली: शिक्षक, कारकून, तलाठी. हैदराबादचा कारकून आणि मुंबईचा कारकून, ज्येष्ठ कोण? राज्य पुनर्रचना कायद्यात त्यासाठी कलम ११५ होतं: केंद्राच्या पूर्वमंजुरीशिवाय या लोकांच्या सेवाशर्ती त्यांच्या तोट्याच्या करता येणार नाहीत. तरीही वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. माझे आजोबा त्या बदलीतले कारकून. घरात इंग्रजी कोणाला येत नव्हतं, पण सिनिऑरिटी हा शब्द आमच्या आजीलाही पाठ होता.

आता पेन्शन. काका म्हणाले, "पगाराचं जाऊ द्या, म्हातारपणी तरी चांगली पेन्शन बसेल ना?"

नाही, काका. हे सांगताना मला वाईट वाटलं.

[कॅमेऱ्यासमोर पासबुक धरते]

हे माझ्या बाबांचं पासबुक. चिकलठाण्यातल्या एका कारखान्यात आयुष्य काढलं. दर महिन्याला जमा होणारी रक्कम बघा: २,१४६ रुपये. ही १९९५ ची कर्मचारी पेन्शन योजना, ईपीएस. साधारण हिशोब असा: सरासरी पगार गुणिले नोकरीची वर्षं, भागिले ७०. पण १ सप्टेंबर २०१४ पासून हिशोबातला पगार १५,००० च्या वर धरत नाहीत. ३५ वर्षं पूर्ण केली तरी १५,००० गुणिले ३५ भागिले ७०, म्हणजे ७,५०० रुपये. (जुन्या सभासदांना जास्त पगारावर पेन्शनचा पर्याय मिळाला होता, तो वेगळा विषय.) आणि त्या तारखेनंतर पहिल्यांदाच पीएफमध्ये येणाऱ्याचा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १५,००० च्या वर असेल, तर तो या पेन्शनमध्ये येतच नाही. काकांच्या मुलाला पीएफची एकरकमी ठेव मिळेल, पण बाबांसारखे २,१४६ सुद्धा दरमहा नाहीत.

अमेरिकेत पायलटांना भक्कम पेन्शन होती, तीही बुडाली. २००५ मध्ये युनायटेड एअरलाइन्सने दिवाळखोरीत आपल्या पेन्शन योजना सरकारी हमी संस्थेच्या गळ्यात टाकल्या. त्या वर्षी त्या संस्थेची हमी ६५ व्या वर्षी निवृत्त होणाऱ्याला वर्षाला जास्तीत जास्त ४५,६१४ डॉलर होती आणि ६० व्या वर्षी निवृत्त होणाऱ्याला २९,६४९. आता बघा, तेव्हा कायद्यानेच पायलटला ६० व्या वर्षी थांबावं लागायचं! म्हणजे नियमाने घरी बसवलं आणि वर म्हणाले, तुम्ही लवकर निवृत्त झालात. जानेवारी २००९ मध्ये हडसन नदीत विमान उतरवून १५५ जणांना वाचवणारे कॅप्टन सलेनबर्गर, त्यांनी पुढच्याच महिन्यात संसदेच्या समितीसमोर सांगितलं, की त्यांचा पगार ४० टक्क्यांनी कापला गेला आणि पेन्शन जाऊन तिच्या जागी नावापुरती हमी उरली.

आपल्याकडे जेट एअरवेज एप्रिल २०१९ मध्ये थांबली. हेच जेट आपल्या चिकलठाणा विमानतळावरून मुंबईला उडायचं. पायलटांचे महिनोन् महिन्यांचे पगार थकले होते. पीएफ आणि ग्रॅच्युइटीसाठी न्यायालयात लढावं लागलं आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनी विकून मोडीत काढण्याचा आदेश दिला. तिथल्या ज्येष्ठता यादीतला पहिला नंबर आज कोणाच्या काय कामाचा?

काकांच्या पत्राच्या मागच्या बाजूला मी मुलाला विचारायच्या चार गोष्टी लिहून दिल्या. यादीत तुझा आजचा नंबर किती आणि तुझ्या मागे किती जण? हमीचे तास किती आणि ते कंपनी एकतर्फी बदलू शकते का? कंपनी विलीन झाली तर यादी कशी जोडणार, हे करारात कुठे लिहिलंय? आणि मेडिकलमध्ये नापास होऊन लायसन्स गेलं तर त्याचा विमा आहे का, कारण हप्ता तेव्हाही भरायचाच आहे.

परवा काकांचा फोन आला. तीन उत्तरं मिळालीत. विलीनीकरणाचं करारात काहीच लिहिलेलं नाही, आणि मुलगा आता संघटनेच्या बैठकीला जाणार आहे.