आठवण जपायची तर कानांकडेही बघा

श्रोतेहो, नमस्कार.

"हल्ली विसरायला होतंय गं," असं घरातलं मोठं माणूस म्हणालं, की आपण एक तर "वय झालं" म्हणून विषय संपवतो, नाहीतर रात्री चार बदाम भिजत घालतो. बदाम जरूर खावेत. पण वाढत्या वयात मेंदू जपायचा, तर रक्तदाब, पाय आणि कान यांच्याकडे बघायला हवं, आणि आपल्याकडे नेमकं तेच फार उशिरा होतं.

फिनलंडमध्ये ६० ते ७७ वर्षांच्या १२६० जणांवर एक अभ्यास झाला. पुढे स्मृतिभ्रंशाचा धोका असलेली ही माणसं होती. निम्म्यांना नेहमीचा आरोग्यसल्ला मिळाला. उरलेल्यांचा आहार सुधारला, त्यांच्याकडून व्यायाम आणि मेंदूचा सराव करून घेतला, रक्तदाब-साखरेवर नियमित नजर ठेवली. दोन वर्षांनी बौद्धिक चाचण्यांमध्ये या दुसऱ्या गटाची प्रगती पहिल्यापेक्षा २५ टक्के जास्त दिसली. २०१५ मध्ये हे निष्कर्ष 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले. मला यातली मोलाची गोष्ट वाटते ती ही, की साठी-सत्तरीत सुरुवात करूनही फरक पडला.

रक्तदाबाचा मेंदूशी काय संबंध, असं अनेकजण विचारतात. मेंदूचं वजन शरीराच्या दोन टक्क्यांच्या आसपास, पण शरीराला लागणाऱ्या प्राणवायूपैकी साधारण पाचवा हिस्सा तो एकटा घेतो. तो पोचवणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या वर्षानुवर्षं चढलेल्या रक्तदाबाने खराब होतात, आणि त्याची वर्दी आधी मिळत नाही. म्हणून "आता बरं वाटतंय" म्हणत गोळी परस्पर बंद करू नका. पानातलं लोणचं, पापड, वरून घेतलेलं मीठ, यांनाही आवर घाला.

चालण्याबद्दल तुम्ही पुष्कळ ऐकलं असेल. एकच सांगतो. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका अभ्यासात १२० ज्येष्ठांपैकी निम्मे जण वर्षभर आठवड्यातून तीनदा, चाळीस मिनिटांपर्यंत झपझप चालले. आठवणींशी निगडित असलेला मेंदूतला हिप्पोकॅम्पस हा भाग त्यांच्यात सुमारे दोन टक्क्यांनी वाढला. नुसते हातपाय ताणण्याचे व्यायाम करणाऱ्यांमध्ये तो थोडा आक्रसला.

आता कान. हे जरा सावकाश सांगतो, कारण घरोघरी हे घडताना दिसतं. आधी टीव्हीचा आवाज वाढतो. मग "काय म्हणालास?" दोनदा, तीनदा. घरातले वैतागतात, "जाऊ दे, काही नाही" म्हणतात. हळूहळू आजोबा विचारणंच सोडतात. लग्नकार्यात कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून सगळ्यांकडे बघून हसत राहतात, आणि लोक म्हणतात, स्वभाव शांत झाला. पण मेंदूपर्यंत बोलणंच पोचत नसतं. माणूस एकटा पडतो, आणि एकटेपणाही मेंदूला घातकच. स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या कारणांत तज्ज्ञ बहिरेपणा वरच्या क्रमांकावर धरतात. २०२३ मध्ये आलेल्या एका अभ्यासात श्रवणयंत्राचा सरसकट सगळ्यांना फायदा दिसला नाही. पण ज्यांना धोका जास्त होता, त्यांच्यात तीन वर्षांतली बौद्धिक घसरण ४८ टक्क्यांनी कमी झाली. चष्मा लावायला आपण लाजत नाही, मग कानातल्या यंत्राचाच एवढा संकोच का?

आणि विसरभोळेपणा वाढलाच, तर अंदाज बांधत बसू नका, डॉक्टरांना दाखवा. बी-१२ जीवनसत्त्व कमी पडल्याने, थायरॉइडमुळे किंवा मनाच्या उदासीमुळेही विसरायला होतं, आणि यावर उपचार आहेत. शाकाहारी घरांत बी-१२ची तपासणी अवश्य करून घ्या. दवाखान्यात जाताना चालू असलेली सगळी औषधं पिशवीत घालून न्या, झोपेच्या आणि सर्दीच्या गोळ्यासुद्धा. त्यांतल्या काही गोळ्यांनीही उतारवयात आठवण धूसर होते.